सिगडी, शेगडी आणि सुंगटं

आमच्या घरात कोळंबीला तीन नावं आहेत. मी कोळंबी म्हणतो, कारवारची आई सुंगटं म्हणते आणि धारवाडची बायको, जी ती खात नाही, ती सिगडी म्हणते. लग्न नवं होतं, आई तेव्हा कारवारला होती. बायकोनं फोनवर सांगितलं, "अत्ते, इवरु सिगडी तंदार्री." आई म्हणाली, "शेगडी कशाला आणली? गॅस आहे ना घरात?" या विनोदाला आता सोळा वर्षं झाली.

लग्न ठरताना बायकोनं एकच अट घातली होती. मासळी खा, पण ती माझ्या स्वयंपाकघरात शिजायची नाही. मला ती रास्त वाटली. मागच्या पडवीत चूल मांडली, तवा वेगळा, चिमटा वेगळा, सुरीही वेगळी. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिनंही ही रीत निमूट पाळली.

कुळगीसारख्या जंगलातल्या गावात ताजी मासळी म्हणजे तसा योगच. अणशी घाट चढून येते तेव्हा ती दांडेलीच्या बाजारात मिळते. त्यात जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रबंदी. त्या दोन महिन्यांत भिस्त लहान होड्यांवर आणि खाडीवर. खाडीच्या सुंगटांची चव आई वेगळीच मानते. कुमठ्याकडे अघनाशिनीच्या मुखाशी गझनीची शेतं आहेत, तिथं पावसाळ्यात कग्गा भात पिकतो आणि भात निघाला की त्याच बांधांत खारं पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. एकाच वावरात भात आणि कालवण, असं आई म्हणते.

गेल्या जुलैत आई तापातून उठली, पण जिभेची चव गेली ती गेलीच. दोन आठवडे नुसती पेज. औषध घ्यायची, ताट सरकवायची. वय अठ्ठ्याहत्तर, मनगट पाहवत नव्हतं. एका सकाळी म्हणाली, "दोन सुंगटं तळून दे रे." मी भर पावसात दांडेली गाठली. नशिबानं अर्धा किलो मिळाली. कवच घट्ट, डोकं अंगाला धरलेलं, वास समुद्राचा. नाकात अमोनियासारखं झणकन शिरलं असतं तर हात हलवत परत आलो असतो.

सोलल्यावर जेमतेम निम्मी उरली. पाठीवर चीर देऊन काळा धागा काढला, मीठ, हळद, ब्याडगीचं तिखट आणि आमसुलाचं आगळ लावलं. इथवर ठीक. पण पडवीत पाऊस आत येत होता, लाकडं ओली, चूल नुसती धुमसत होती. तवा तापेना म्हणून मी कोळंबी तव्यावरच ठेवून फुंकत बसलो. रवा तेल पिऊन सुटला, कोळंबी कड्यासारखी गोल वळली. आईनं एक तोंडात घातली, बराच वेळ चघळली आणि हळूच ताटाच्या कडेला ठेवली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी उरलेली अर्धी घेऊन पुन्हा चुलीशी बसलो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "ओळग बर्री." पदर नाकाला लावून बायको उभी होती. मला वाटलं, मलाच पावसातून आत बोलावते आहे. तिनं तव्याकडे बोट दाखवलं.

सोळा वर्षांत पहिल्यांदा तो तवा गॅसवर चढला. तिनं कोळंबीला हात लावला नाही, पण सूत्रं तिच्याकडे. धारवाडची मिरची भजी तळणाऱ्या बाईला तेल कळतं. आधी फडक्यानं पाणी टिपायला लावलं. डब्यातून चिरोटी रवा काढून दिला, त्यात मूठभर तांदळाचं पीठ. तेलात रव्याचा कण टाकून पाहिला, लगेच वर आला तेव्हा म्हणाली, "हाक्री." मी एकेक सोडली, गर्दी न करता. करडी कोळंबी बघता बघता केशरी झाली. तो रंग तिच्यात आधीपासूनच असतो, कच्ची असताना प्रथिनाला चिकटून लपलेला, उष्णतेनं सुटतो. हे वर्गात सांगावं तसं मी सांगू लागलो, तर तिनं घड्याळाकडे पाहत मला गप्प केलं. एका बाजूला दोन मिनिटं, उलटून जेमतेम दोन. विळ्यासारखी वाकली तोच, "साकु, तगीरी!" मला अजून कच्ची वाटत होती. ती म्हणाली, तव्यावरून काढल्यावरही आत शिजतच असते, भजी नाही का शिजत?

आईनं सात खाल्ली. आठवी उचलून विचारलं, "आज तळली कुणी?" मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आईनंही पाहिलं, गॅसवरचा तवा तिला बसल्या जागेवरून दिसत होता. तिनं पेजेची वाटी पुढे केली आणि थोडी आणखी मागितली.

रात्री तवा घासून मी पडवीत न्यायला निघालो, तर बायको म्हणाली, "इल्ले इरली." पाऊस असेपर्यंत, असंही वर सांगितलं. पाऊस संपून बरेच महिने झाले. तवा तिथंच आहे, खालच्या फळीवर, कागदात गुंडाळलेला. चिमटा मात्र अजून पडवीतच ठेवावा लागतो.