'ट्रान्समिशन गेलं' हे निदान नव्हे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या पोटात गोळा आणणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. व्हिसाच्या मुलाखतीनंतर हातात पडणारा रंगीत कागद ही एक, आणि 'तुमच्या गाडीचं ट्रान्समिशन गेलं' असा गॅरेजमधून येणारा फोन ही दुसरी. पहिलीपुढे आपलं फारसं काही चालत नाही. दुसरीपुढे चालू शकतं, तरीही आपण तिथेही तशीच मान तुकवतो. माझं भांडण या मान तुकवण्याशी आहे.

पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी हात न लावता 'पोट गेलं, नवीन बसवू' म्हटलं, तर आपण तिथून पळ काढू. गॅरेजमध्ये मात्र याच धर्तीचं वाक्य ऐकून चार-पाच हजार डॉलरच्या कागदावर सही करतो. नाहीतर गाडी मिळेल त्या भावाला देऊन नव्या कर्जाच्या कागदांवर सह्या करतो. आणि सही करणारा हात बहुतेक वेळा इंजिनिअरचा किंवा पीएचडीवाल्याचा असतो, ही यातली खरी गंमत.

हा प्रश्न केवळ पैशांचा असता तर एवढं लिहिलं नसतं. पण अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांच्या गावांत बस ही तोंडी लावण्यापुरती असते. एनआयएचने पोस्टडॉकसाठी ठरवलेला किमान वार्षिक पगार २०२४ मध्ये ६१,००८ डॉलर होता. त्यातून कर, घरभाडं आणि मुलाचं डेकेअर वजा करा. अशा घरातली गाडी सात-आठ हजारांची असते आणि नोकरी, डेकेअरची वेळ, किराणा, दवाखाना सगळं तिच्यावर चालतं. ती गाडी चुकीच्या निदानाने भंगारात गेली, तर त्या घराचं वर्ष भंगारात जातं.

'ट्रान्समिशन' नावाची एक सलग वस्तू नसतेच. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक आलं तेव्हापासून ऑटोमॅटिक ट्रान्समिशन हे अनेक यंत्रांचं एकत्र कुटुंब आहे. इंजिनाची फिरत तेलामार्फत पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर, ग्रहमालेसारखे एकमेकांभोवती फिरणारे गिअर, त्यांना धरणारे-सोडणारे क्लच, तेलाचा दाब योग्य वाटेने पाठवणारी व्हॉल्व्ह बॉडी. आताच्या गाड्यांत त्यावर विजेवर चालणारे सोलेनॉइड, आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर. यातल्या कुणीही संप केला तरी ड्रायव्हरला बाहेरून एकच दिसतं: गाडी नीट पळत नाही.

पण 'नीट पळत नाही' याचेही प्रकार आहेत. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली असेल, तर बऱ्याचदा कॉम्प्युटरने स्वतःच्या बचावासाठी लिंप मोड लावलेला असतो. त्याचं कारण एखादी सडलेली वायर किंवा दमलेली बॅटरीही असू शकते. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. तो झिजला म्हणून घसरतो की तेल कमी पडून दाब मिळत नाही म्हणून, हे मोजल्याशिवाय कळत नाही. हायवेवर हलक्या पायाने चालवताना खडबडीत रस्त्यावर आल्यासारखी थरथर जाणवली, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या क्लचवर आणि तेलावर जातो. तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधट दिसलं, तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलं आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांतल्या निसान पाथफाइंडर आणि फ्रंटिअर याच दुखण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. तिथे रेडिएटर तसाच ठेवून नवं ट्रान्समिशन बसवलं, तर नवंही त्याच वाटेने जाणार.

तपासणीचा क्रम काही गुप्त विद्या नाही. आधी बॅटरी आणि अर्थिंग. मग ठरलेल्या तापमानाला तेलाची पातळी, रंग, वास. मग कोड. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ते वाचण्याचं सॉकेट असतं. पी०७०० हा कोड दिसला की अनेक ठिकाणी तपास संपतो. वास्तविक त्याचा अर्थ 'ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलं आहे' एवढाच आहे. काय नोंदवलं, ते पुढच्या कोडमध्ये असतं. त्यानंतर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स, वायरिंग, गेज लावून तेलाचा दाब. शेवटी खालचा पॅन उतरवून पाहायचं. चुंबकावर बारीक राखाडी लेप असेल तर ती वयानुरूप झीज, धातूचे तुकडे असतील तर दुखणं खरंच आतलं आहे. एवढं करून 'गेलं' म्हणालात तर मी मान्य करीन. ट्रान्समिशन खरोखर जातात. पण ते शेवटचं वाक्य असावं, पहिलं नव्हे.

हे माझं पुस्तकी खूळ आहे असं वाटत असेल, तर कॅलिफोर्नियाची नियमावली पाहा. दुरुस्तीसाठी ट्रान्समिशन उतरवण्याआधी त्याची तपासणी केली पाहिजे, बाहेरचा एखादा भाग बदलून किंवा जुळवून दोष जातो का हे ठरवलं पाहिजे, आणि नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असेल तर कोड वाचले पाहिजेत, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. गॅरेजवाल्यांच्या या सवयीची ओळख असल्याशिवाय असा नियम कुणी लिहीत नाही.

मोठ्या कंपन्यांचा इतिहासही हेच सांगतो. आजी-आजोबांना नायगारा दाखवायला आपल्या कितीतरी कुटुंबांनी जी नेली ती होंडा ऑडिसी घ्या. २००४ मध्ये होंडाने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण दुसरा गिअर तापून खराब होत होता. उपाय सरसकट नवं ट्रान्समिशन हा नव्हता. १५,००० मैलांहून जास्त चाललेल्या गाडीत गिअरचा रंग उष्णतेने बदलला आहे का ते पाहायचं. बदलला असेल तर ट्रान्समिशन नवं, नसेल तर फक्त तेलाच्या नळीत फेरफार. फोर्डच्या फोकस आणि फिएस्टामधल्या पॉवरशिफ्टचा घोळ तर अनेकांना आठवत असेल. तिथे झटके सगळ्यांना सारखेच बसत होते, पण फोर्डने वाढीव वॉरंटी दोन वेगळ्या दिल्या: क्लच आणि सीलसाठी ७ वर्षं किंवा १,००,००० मैल, कंट्रोल मॉड्यूलसाठी १० वर्षं किंवा १,५०,००० मैल. म्हणजे दुखणी दोन आहेत हे कंपनीने मानलं. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या ट्रान्समिशनची थरथर घालवण्यासाठी तर कंपनीने शेवटी वेगळं तेल भरायला सांगितलं.

तेलावरून आठवलं. 'लाइफटाइम फ्लुइड, बदलायची गरज नाही' असं गाडी विकणारे सांगतात. बीएमडब्ल्यूसारख्यांना ट्रान्समिशन पुरवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते. लाइफटाइम कुणाचं, हा प्रश्न विचारायला हवा. बहुधा वॉरंटीचं.

आता आपल्याकडे वळू. आमच्या गावातल्या एका मराठी कुटुंबाची दहा वर्षं जुनी सेदान गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. एका गॅरेजने पॅन न उतरवता ४,८०० डॉलरचं एस्टिमेट दिलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाळीस सल्ले आले आणि जवळजवळ सगळ्यांचा अर्थ एकच होता: 'कशाला डोकेदुखी, नवी टोयोटा घे.' यांतल्या निम्म्या लोकांचा दिवस ऑफिसमध्ये 'रूट कॉज' शोधण्यात जातो. 'कोड काय आला?' असं कुणीही विचारलं नाही. दुसऱ्या गॅरेजला कनेक्टरमध्ये झिरपलेलं तेल सापडलं. बिल तीनशेच्या आत.

हा अडाणीपणा नाही, कारण ही माणसं अडाणी नाहीत. ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी खोड आहे. हात काळे करणाऱ्याचं काम 'आपलं' नाही, म्हणून त्याबद्दल प्रश्न विचारणंही आपलं नाही. व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची ड्रॉइंग शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्या मुलाने कम्युनिटी कॉलेजात ऑटोमोटिव्हचा कोर्स घेतो म्हटलं, तर घरात सुतक पाळू.

यावर दोन आक्षेप येतील. एक, 'माझ्या वेळेची किंमत आहे.' जरूर आहे. म्हणून ट्रान्समिशन स्वतः उघडा असं मी म्हणत नाही. फक्त प्रश्न विचारा म्हणतो, त्याला दहा मिनिटं लागतात. दुसरा, 'मेकॅनिक सगळे चोर आहेत का?' नाहीत. पुष्कळ साध्या गॅरेजांत ट्रान्समिशन उघडण्याची सोयच नसते, आणि वॉरंटीसह आलेला नवा डबा बसवणं त्यांना सुरक्षित वाटतं. शिवाय दोष आपलाही आहे. निदानाचे दीडशे डॉलर मागितले की आपण घासाघीस करतो, 'फुकट बघत नाही का?' म्हणतो. जो फुकट बघतो तो बघण्याचे पैसे डबा विकूनच काढणार.

तेव्हा पुढच्या वेळी फोन आला की विचारा: सगळे कोड कोणते? तेल कसं दिसलं? दाब किती भरला? पॅनमध्ये काय मिळालं? उत्तरं लेखी मागा. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर व्हीआयएन टाकून रिकॉल फुकट तपासा; मॉडेल टाकलं की कंपन्यांनी डीलरांना पाठवलेली पत्रकंही तिथे सापडतात. गाडी वॉरंटीत असेल आणि तेल बाहेर बदललं म्हणून कुणी वॉरंटी नाकारली, तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा तुमच्या बाजूने आहे. आणि बघण्याचे पैसे मागणाऱ्या, मोजून मग बोलणाऱ्या मेकॅनिकला ते पैसे आनंदाने द्या. शहाण्या माणसाच्या निदानाची किंमत आपल्याला कळत नसेल, तर आपल्या स्वतःच्या पदव्यांची तरी कशी कळणार?