मुंग्यांची चटणी आणि आमचा सोवळेपणा

संपादक महाशय,

गतांकातील एका पत्रलेखकांनी भामरागडकडील माडिया बांधवांच्या तांबड्या मुंग्यांच्या चटणीस रानटीपणा ठरवून जो निवाडा परस्पर देऊन टाकला, त्याविरुद्ध ही कैफियत दाखल करून घ्यावी. पाने जोडून झाडावर घरटी बांधणाऱ्या याच मुंग्यांच्या चटणीस ओडिशातील मयूरभंज येथे २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बाब त्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. पूर्णेच्या धरणाकाठी राहणारे आम्ही झिंगे चवीने खातो, आणि प्राणिशास्त्राच्या दप्तरी झिंगा व मुंगी ही दोन्ही संधिपाद या एकाच संघात नोंदलेली आहेत. मध तर मधमाशीच्या पोटातून येऊनही पंचामृतात सन्मानाने बसतो, आणि औषधी गोळ्यांवरील चकाकी पुष्कळदा लाखेच्या किड्याच्या स्रावाची असते. (पत्रलेखक शाकाहारी असल्यास झिंग्यांचे कलम त्यांना लागू नाही, मधाचे मात्र लागते.) तेव्हा आपली किळस बहुधा पदार्थापेक्षा खाणाऱ्याची पायरी पाहून जागृत होते, असे मला वाटते. फवारणी झालेल्या शेतातील टोळ कोणी खाऊ नयेत, हा पत्रलेखकांचा एक आक्षेप तेवढा रास्त आहे.

आपला,
एक वाचक
सिद्धेश्वर, जि. हिंगोली