तोंडात पाळणा

मुलांनो, गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आली. बरणीत पाणी आणि पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढी दहा-बारा पिल्लं. हिचे वडील उजनी धरणाच्या फुगवट्यात मासे धरतात.

"बाई, पप्पांनी सकाळी जाळं ओढलं ना, तर चिलापीच्या तोंडातून ही खाली पडली!"

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "खाल्ली असतील तिनं!"

पोरगी चिडलीच. "खाल्ली असती तर जिवंत कशी निघाली?"

बिनतोड प्रश्न! मी गणिताचं पुस्तक मिटून ठेवलं.

चिलापी हे आपल्याकडचं बोलीतलं नाव. पुस्तकात याला तिलापिया म्हणतात. मूळचा हा मासा आपला नाहीच. आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या झांबेझी, लिंपोपो अशा नद्यांमधला तो मोझांबिक तिलापिया. नाईल तिलापिया हा त्याचा चुलतभाऊ. आपण दोघांनाही चिलापीच म्हणतो, आणि दोघांच्याही आया आपली पिल्लं तोंडात वाढवतात.

विणीच्या दिवसांत मोझांबिक तिलापियाचा नर काळाकुट्ट होतो. गळा तेवढा पांढरा आणि परांच्या कडा लाल. उथळ पाण्यात तळाची वाळू तोंडानं उचलून बाजूला टाकत टाकत तो ताटलीसारखा गोल खड्डा करतो. शेजारी दुसऱ्याचा खड्डा, पलीकडे तिसऱ्याचा. मग काय, हद्दीवरून भांडणं! पर फुलवायचे, अंगावर धावून जायचं आणि (हसू नका हं) चक्क लघवी करायची. पोर्तुगालमधल्या शास्त्रज्ञांनी याचा नीट अभ्यास केला आहे. त्या वासावरून इतर माशांना कळतं, की इथला दादा कोण आहे. हे सांगितल्यावर आमच्या वर्गात पाच मिनिटं कुणालाच शांत बसता येईना.

मादी त्या खड्ड्यावर येते, थोडी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. असं करत करत सगळी अंडी तोंडात. बाबांचं काम तिथं संपलं, ते पुन्हा आपल्या खड्ड्याच्या राखणीला! पुढचं सगळं एकट्या आईकडे.

अंडी किती? आई जेवढी मोठी, तेवढी जास्त. शे-दोनशेपासून हजारापर्यंतसुद्धा. आपण चूळ भरतो ना, तशी ती अंडी तोंडात सारखी घोळवत असते. त्यामुळे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं. तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात, म्हणजे अंड्यातून बाहेर, तोंडातून नव्हे! पोटाला बलकाची पिवळी शिदोरी बांधलेली असते, ती संपेपर्यंत मुक्काम तोंडातच. एवढे दिवस आई जवळजवळ उपाशी असते. खाणार कशी? तोंड मोकळं आहे कुठं?

पुढं पिल्लं बाहेर पोहायला लागतात, तरी आईजवळच घुटमळतात. धोका दिसला की आई डोकं खाली झुकवून हळूहळू मागं सरकते. ही खूण. पिल्लं धावत येऊन तोंडात शिरतात. त्यांना काळोख्या ठिकाणाची ओढच असते. शास्त्रज्ञांनी एकदा खोटा मासा करून त्यावर काळे ठिपके काढले, तर ही पिल्लं त्या ठिपक्यांनाच चिकटून आत घुसू पाहायला लागली! आणि जाळ्यात सापडलेली आई घाबरून तोंडातलं सगळं बाहेर टाकते. आमच्या मुलीच्या वडिलांनी पाहिलं ते हेच.

"बाई, आपण यांना शाळेमागच्या ओढ्यात सोडू या का?" एकानं विचारलं. सगळ्या वर्गानं हात वर केले. मी नाही म्हटलं. चेहरे पडले सगळ्यांचे.

रोहू मासा लाखांनी अंडी घालतो आणि निघून जातो. त्यातली बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. चिलापीची अंडी थोडी, पण आईच्या तोंडात सुरक्षित. शिवाय गर्दीच्या तळ्यात ही पोरं बोटा-दोन बोटांएवढी असतानाच, दोन-तीन महिन्यांत, स्वतः आईबाप होतात. शेवाळ, गाळ, किडे, इतर माशांची अंडी, त्यांना काहीही चालतं. गढूळ पाणी चालतं, खारं पाणीही चालतं. मग आपल्या ओढ्यातल्या माशांनी जायचं कुठं?

१८५२ साली पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, तो भारतात आणला गेला. हेतू चांगला होता. लवकर वाढणारा, स्वस्त मासा लोकांना खायला मिळावा. पण तळी बारक्या बारक्या चिलापींनी भरायला लागली, तेव्हा १९५९ मध्ये मत्स्य संशोधन समितीनं त्याचा आणखी प्रसार थांबवायचं ठरवलं. तोवर तो पुष्कळ पाण्यांत पोचला होता. आज जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे.

आणि गंमत बघा (खरं तर गंमत नाहीच), त्याच्या स्वतःच्या घरी, आफ्रिकेत, तोच मोझांबिक तिलापिया आता धोक्यात आलेल्या प्राण्यांत मोजला जातो. कारण तिथं माणसांनी त्याच्या चुलतभावाला, नाईल तिलापियाला, नेऊन सोडलं. दोघांची संकरित पिल्लं होऊ लागली आणि अस्सल मोझांबिक तिलापिया कमी होत चालला.

"म्हणजे चिलापी वाईट का हो बाई?" बरणीवाल्या मुलीनं हळूच विचारलं. तिच्या घरची चूल या माशावर चालते. तिची फी, दप्तर, वह्यासुद्धा. मी म्हटलं, "नाही गं. तिला कुणी विचारून आणलं होतं का इकडं?"

शेवटी ठरलं, की पिल्लं जिथून आली तिथंच, फुगवट्याच्या पाण्यात, तिच्या वडिलांनी सोडायची. तिथं चिलापी आहेतच, ओढ्यात नाहीत. आईबाबांनो, घरातल्या काचेच्या पेटीतले मासे नकोसे झाले, तर तेसुद्धा नदीत किंवा विहिरीत सोडू नका बरं. दुकानदाराला परत द्या.

शाळा सुटताना ती बरणी छातीशी धरून माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाई, ही पाण्यात गेल्यावर आईला शोधतील ना? पण त्यांची आई तर सकाळीच भिगवणच्या बाजारात गेली."