लाकूड किती वेळ उकळायचं?

आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांनी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फिशटँक घेतले. त्यातले जे टिकले ते आता लोणच्यासारखे छान मुरलेत, आणि मुरलेल्या टँकच्या मालकांना ड्रिफ्टवूडचे डोहाळे लागलेत. चहाच्या टपरीवर एकच प्रश्न : लाकूड किती वेळ उकळायचं?

माझं मत विचाराल तर प्रश्नच चुकतोय. चांगल्या, वाळलेल्या लाकडाने मासे सहसा मरत नाहीत. लाकूड टाकल्यावर पाणी तपकिरी झालं, की माणूस घाबरून जे उपद्व्याप करतो त्याने मरतात.

आमच्या टीममधल्या एकाने हेच केलं. कोऱ्या चहासारखं पाणी दिसताच पठ्ठ्याने सगळं पाणी ओतून दिलं, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला आणि नळाचंच ताजं पाणी भरलं. चार दिवसांत निम्मे टेट्रा गेले. आळ आला लाकडावर! माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात आणि खडीतच राहतात. नळाच्या क्लोरीनने ते मारले, की टँक पुन्हा पहिल्या दिवसावर. शुक्रवारी संध्याकाळी चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर डेटाबेस, ओएस आणि नेटवर्क एकदम बदलून घरी जाण्यातला प्रकार आहे हा.

तो तपकिरी रंग म्हणजे टॅनिन. ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीचं पाणी अशाच पदार्थांमुळे काळपट दिसतं आणि कार्डिनल टेट्रा मूळचे तिथलेच. (आपल्याकडे फूटपाथवर पडणारी देशी बदामाची पानं ह्याच टॅनिनसाठी लोक ऑनलाइन विकत घेतात. झाडूवाल्या मावशींना सांगितलं तर वेड्यात काढतील.) रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं.

मग जपायचं कशाला? आधी लाकडाच्या कुळाला. समुद्रकिनाऱ्यावरून उचललेल्या ओंडक्यात मीठ मुरलेलं असतं, ओल्या फांदीत चीक असतो, चीडसारख्या झाडात राळ, आणि सुताराकडच्या तुकड्याला कुठलं पॉलिश लागलंय ते देवालाच ठाऊक. शोभेसाठी ही जोखीम घेऊ नये. माशांना कोणी विचारलेलं नसतं.

दुसरं म्हणजे केएच, पाण्याची आम्ल पचवायची ताकद. टॅनिन आम्लधर्मी असतं. बोअरवेलच्या जड पाण्यात एका लाकडाने पीएच फारसा हलत नाही. पण धरणाचं पाणी बहुधा मृदू असतं, त्यात तो घसरू शकतो. पीएच एका आकड्याने उतरला म्हणजे आम्लता दहापट झाली. मासा हळू बदल सोसतो, एका रात्रीतला नाही. म्हणून लाकूड टाकण्याआधी केएच मोजा, आणि नंतर दोन आठवडे पीएच आणि अमोनियाकडे लक्ष ठेवा. टेस्ट किटला पैसे पडतात, मान्य. ते आपण नवीन माशांवर आनंदाने घालवतोच की.

आता ते उकळणं. तास-दोन तास उकळल्याने लाकडावरचे जंतू आणि गोगलगायीची अंडी मरतात, बरंचसं टॅनिन निघतं. दिवसभर उकळत ठेवलं तर लाकूडच मऊ पडतं. पातेल्यात मावत नसेल तर उकळतं पाणी ओता आणि बादलीत बुडवून ठेवा. पाणी रोज बदलायचं. साबण, फिनेल काहीही लावायचं नाही. लाकूड आपोआप बुडायला लागलं की टाका, आणि त्या आठवड्यात फिल्टरला हात लावू नका. काही दिवसांनी लाकडावर पांढरट बुरशीचा थर येईल. बघायला किळसवाणा, पण सहसा निरुपद्रवी. कोळंबी आणि गोगलगायी तो आवडीने खातात, नाहीतर जुन्या टूथब्रशने काढून टाका.

ह्या सगळ्याला दोन-तीन आठवडे जातात. आमच्या बाथरूममध्ये सध्या एक ओंडका अकरा दिवस भिजतोय, अजून तरंगतोच आहे. आई रोज विचारते, बादली मोकळी कधी होणार?