पंधरा घोडे आणि एक होडी

मंडळी, बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे मी नोकरीभर मुलांना नकाशावर दाखवत आलो. तरी आज होडीच्या मोटरीवर लिहितोय. हसू नका!

सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाच्या फुगवट्यात भोई मंडळी जाळी टाकतात. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. त्याने गेल्या वर्षी कुठून तरी पंधरा हॉर्सपॉवरची जुनी मोटर आणली आणि आपल्या सोळा फुटी लाकडी होडीला लावली. मागच्या फळीवर पन्नासेक किलो लोखंड, शेजारी हा स्वतः, पायाशी पेट्रोलची टाकी. भरधाव जाताना जाळ्याचा बोया दिसला म्हणून एकदम वेग तोडला, तर होडीनेच उठवलेली लाट मागून फळीवरून आत आली. पोहता येत होतं म्हणून वाचला. जाळं गेलं. मोटर अजून तळाशी आहे.

हे ऐकून पुण्याचा आमचा भाचा फोनवर म्हणतो, "मामा, मोटर बरोबरच होती, त्याला चालवता आली नाही." या एका वाक्यासाठी आजचा लेख.

अरे बाबा, पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिची लांबी ठरवते. सोळा फुटांना तो ताशी दहा किलोमीटरच्या आसपास थांबतो. पुढे कितीही घोडे जुंपा, ती फक्त नाक वर करून मागे बसते. हलकी, सपाट बुडाची होडी पाण्यावर उचलली जाऊन पळते, हे मान्य. पण जाळी आणि मासळी भरलेली ही होडी ती नव्हे. मोटरसायकल निवडावी तशी मोटर निवडायची, हीच मुळात चूक. इथे वल्ही मुख्य आणि मोटर हाताखालचा गडी. दुपारी वारा उलटा फिरला की घरी आणण्यापुरता. त्याला अडीच हॉर्सपॉवर पुरते. वजन अठरा किलोच्या आसपास, तासाला साधारण लिटरभर पेट्रोल. पंधराची मोटर पूर्ण वेगात पाच लिटर पिते. मासळीच्या भावात हा हिशेब कुणी मांडायचा?

खरं तर आकड्याआधी दांडी पाहावी. मागची फळी पंधरा इंच उंच असेल तर आखूड दांडी, वीस इंच असेल तर लांब. उंच फळीला आखूड दांडी लावली की पंखा हवा ओढतो, मोटर किंचाळते आणि होडी जागेवर. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उरतो चिखल. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीचं तोंड त्यात बुजतं, म्हणून लहान मोटरींत हवेने थंड होणारी मिळाली तर ती घ्यावी. आणि बंद करायची दोरी मनगटाला बांधलेली हवी. माणूस पाण्यात पडला तर मोटर आपोआप थांबते.

भाच्याचा दुसरा मुद्दा, टू-स्ट्रोक स्वस्त, हलकी आणि गावातला मेकॅनिकही खोलतो. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण तिच्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, आणि त्यातलं न जळलेलं धुरावाटे पाण्यातच उतरतं. बीड शहराला याच धरणाचं पाणी येतं. भाचा सुट्टीत इथे आला की तेच पितो. फोर-स्ट्रोकला चार पैसे जास्त पडतात, पडू देत.

(१९०९ साली अमेरिकेत ओल इव्हिनरूड याने अशी मोटर बाजारात आणली. प्रेयसीसाठी वल्ही मारत आइसक्रीम आणताना त्याला ती सुचली, अशी कथा सांगतात. २०२० साली त्याच्या नावाच्या मोटरी बनणंही थांबलं. असो.)

परवा विद्यार्थी घरी आला. "सर, अडीचचीच घेतो, पण लोकं हसतील की." मी म्हटलं, हसू दे, तू आधी मागच्या फळीची उंची मोजून आण. माझाच मोजायचा टेप घेऊन गेला. अजून परत दिलेला नाही.