दोष सेन्सरचा कीं अंतराचा?

अलीकडे विद्यार्थ्यांत छायाचित्रणाचा छंद फार बळावला आहे, व त्याबरोबर एक हट्टहि. फोनमधील सेन्सर, म्हणजे भिंगांतून आलेली प्रतिमा जिच्यावर उमटते ती पट्टिका, लहान असल्यामुळें चेहरा बेढब येतो. सबब मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊन द्या, असें मुलें पालकांस सांगतात. त्याची किंमत कित्येक घरांत महिन्याच्या मिळकतीहून अधिक भरते. म्हणून या मागणींत तथ्य किती, हें तपासणें आम्हांस अवश्य वाटतें.

बेढब चेहऱ्याचा सेन्सरशीं कांहींएक संबंध नाहीं. जवळची वस्तु मोठी व दूरची लहान दिसणें, यास चित्रकलेच्या तासाला यथार्थदर्शन म्हणतात. तें केवळ पाहणारा कोठें उभा आहे यावर ठरतें. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, व कान नाकाच्या १२ सेंटिमीटर मागें आहेत असें मानलें, तर कानांच्या मानानें नाक ४० टक्के मोठें उमटतें. तोच फोन दीड मीटरवर नेल्यास हा फरक ८ टक्क्यांवर येतो. सेन्सर तोच, भिंगहि तेंच! आपलें नाकच मोठें अशा समजुतीनें कष्टी होणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्यासाठीं हें गणित मुद्दाम मांडिलें.

स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढचें व मागचें किती अंतर रेखीव येईल ती मर्यादा, हिचा सेन्सरशीं संबंध आहे खरा. पण तोहि आडवळणाचा. जागा व दृश्य तेंच ठेविलें तर ही खोली छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असते. ३६ × २४ मि.मी. सेन्सरवर ५० मि.मी.चें भिंग जितकें दृश्य घेतें, तितकेंच लांबीरुंदीनें निम्म्या सेन्सरवर २५ मि.मी.चें भिंग घेतें. पहिलें एफ/८ वर व दुसरें एफ/४ वर ठेवा. दोहोंचीं छिद्रें सव्वासहा मि.मी. भरतील, आणि खोलीहि सारखीच येईल. फोनचें छिद्र इवलेंसें, म्हणून जवळदूरचें बहुतेक सगळेंच स्पष्ट येतें. (हल्लीं फोन हिशेब करून पार्श्वभूमि कृत्रिम रीतीनें अंधुक करतो, केसांच्या कडेशीं ती लबाडी बहुधा उघडी पडते.)

पण अंधुक पार्श्वभूमि हाच चित्राचा गुण, हें कोणीं ठरविलें? १९३२ सालीं कॅलिफोर्नियांत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदि छायाचित्रकारांनीं आपल्या मंडळास नांवच ‘एफ/६४’ असें दिलें. ८ × १० इंचांसारख्या मोठ्या मापावर स्पष्टतेची खोली फार थोडी मिळे. ती वाढविण्यासाठीं छिद्र अगदीं बारीक करावें लागे, व प्रकाश थोडा येई म्हणून झडप दीर्घ काळ उघडी ठेवावी लागे. त्यांनीं सायासानें मिळविलेली रेखीवता खिशांतला फोन आपणांस विनासायास देतो, आणि आपण तिलाच उणीव म्हणतों!

वर्गाच्या तीन रांगांच्या छायाचित्रांत मागच्या मुलाचें तोंड अंधुक आलें, तर त्याच्या आईस तें किती लागेल? असें चित्र अंमळ दुरूनच काढावें. जवळून काढल्यास खुर्चींतले गुरुजन वाजवीहून मोठे व मागचीं मुलें बाहुल्यांएवढीं दिसतात.

मोठा सेन्सर निरुपयोगी, असें आमचें म्हणणें नाहीं. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावरील मंद उजेडांत तो अधिक प्रकाश गोळा करतो व चित्र कमी खरखरीत येतें. त्या कामासाठीं कोणी तो मागितला तर पालकांनीं विचार करावा. केवळ चेहऱ्यासाठीं मागणाऱ्यास मात्र आधीं फोन मित्राच्या हातीं देऊन चार पावलें दूर उभें राहण्यास सांगावें.