ताटं धुणार कोण?

मैत्रिणींनो, आठवतंय ना? २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलं तर थेट पाच हजार रुपये! त्या पावसाळ्यात संगमनेरपासून जामखेडपर्यंत जुन्या साड्यांच्या पिशव्या घराघरांतून बाहेर निघाल्या होत्या. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी घातली. म्हणजे कागदावर सगळं पक्कं आहे. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण लग्नाच्या मांडवामागचा उष्ट्या प्लेटांचा ढीग मात्र होता तिथेच आहे. गाई त्यात तोंड घालतात, उष्ट्याबरोबर पिशवीही पोटात जाते.

असं का झालं, याचं उत्तर दंडाच्या पावतीत सापडणार नाही. ते मोरीत सापडेल. वापरून फेकायच्या प्लेटा आपल्याकडे का रुजल्या? बायका आळशी झाल्या म्हणून, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. पूर्वी पंगतीला पळसाच्या पत्रावळी होत्या, त्या जनावरांपुढे किंवा उकिरड्यावर गेल्या की संपल्या. स्टीलची ताटं आली आणि शे-दोनशे ताटांचा ढिगारा घरच्या बायकांपुढे पडू लागला. कार्य उरकलं की पाहुणे पान खात बसणार आणि सुना राखेने ताटं घासणार! त्या जाचातून थर्माकोलने सोडवलं, हे कबूल करायला हवं. म्हणून "पुन्हा स्टीलची ताटं वापरा" असं व्यासपीठावरून सांगणाऱ्याला आपण आधी विचारावं, धुणार कोण?

जमत नाही असंही नाही. शिर्डीच्या प्रसादालयात रोज हजारो भाविक स्टीलच्या ताटांत जेवतात. तिथे धुणं हे ठरलेलं, पगारी काम आहे. गावात बचत गटाने शंभर-दोनशे ताटं-वाट्या घेऊन भाड्याने द्यायला काय हरकत आहे? फक्त भाड्यात धुण्याची मजुरी वेगळी धरावी, आणि ती रोख घ्यावी. "आपलंच कार्य आहे, वहिनी" म्हणून ती माफ करायला कोणी सांगेल, तेव्हा ऐकू नये.

प्लास्टिक गेलं आणि कागदी कप आले, म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. त्या कपाला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये तपासलं, तर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर १०० मिलीमध्ये सुमारे २५ हजार बारीक कण सापडले. राज्याने जुलै २०२२ मध्ये असल्या थर दिलेल्या कागदी कप-प्लेटांवरही बंदी आणली, पण हळदीकुंकवाचं मसाला दूध अजून त्यातच मिळतं. आणि वाण म्हणून प्लास्टिकचा डबा!

दुधाच्या पिशवीचंच बघा. आपला जिल्हा दुधाचा. २०१८ च्या नियमांत रिकामी पिशवी परत घेऊन किमान पन्नास पैसे द्यायचे ठरलं होतं. आता पन्नास पैशांचं नाणं दुकानदार घेत नाही, तर पिशवी परत घेऊन कोण जाणार? घरात आपल्या हातात एवढंच उरतं की पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चीर देऊन लटकता ठेवायचा. तो सुटलेला तुकडा भंगारवाला वेचत नाही. पिशवी धुऊन, वाळवून, महिन्याची एकत्र दिली तर तो घेतो.

येत्या संक्रांतीला आमच्या गल्लीत वाण म्हणून कापडी पिशव्या द्यायचं चाललंय. शिवणार आमच्याच शेजारची शिलाईवाली, आणि तिचा भाव तिनेच सांगायचा आहे.